खड्ड्याजवळची खुर्ची

प्रिय विसराळू बाई,

तुझा जेवणाचा डबा माझ्याकडे आहे. मागच्या खेपेला आलीस तेव्हा ओट्याला टेकून आम्हा सासू-सुनांना किती ऐकवलंस! वस्तू टाकू नका, पिशवी घरून न्या, एकदा वापरून फेकायचं काही घरात आणू नका. आणि निघताना स्वतःचा डबा, डब्याचं झाकण आणि कापडी पिशवी ओट्यावरच ठेवून गाडीत जाऊन बसलीस. आता तिकडे कशात जेवतेस? कागदाच्या प्लेटीत जेवत असशील तर मला कळवू नकोस. या वयात धक्का सोसत नाही.

पत्र तुझी आई लिहून घेतेय. माझं अक्षरांशी वैर नाही, ओळख तेवढी कधी कुणी करून दिली नाही. मी सांगते तसंच्या तसं लिही, असं तिला बजावलंय, तरी दर दोन वाक्यांनी पेन थांबवते आणि म्हणते, अहो आई, हे असंच लिहायचं? असंच लिही, म्हटलं. मग मी मागचं वाचून दाखवायला लावते. ती वाचते तेच कागदावर असेल, या भरवशावर माझा कारभार चाललाय. एखादं वाक्य फारच गोड लागलं तर समज, ते माझं नाही.

फोनवर तू म्हणालीस, सगळं मजेत आहे. तुझं हे मजेत मी लहानपणापासून ओळखते. गुडघा फोडून घेऊन यायचीस तेव्हाही मजेतच असायचीस. मी काही बोलले नाही, कारण तुझ्या आईनं मला आधीच सांगितलं होतं, की तू नोकरीचा राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवलायस. (ही ओळ लिहायला ती तयार नव्हती. तिनं तुला वचन दिलंय म्हणे, आईंना सांगणार नाही असं. आता तिच्याच अक्षरात आलंय, तेव्हा मायलेकी बघून घ्या.)

मला समजलं ते असं. कॉलेजच्या मेसमधल्या फेकायच्या प्लेटा तू बंद केल्यास, स्टीलची ताटं आणलीस आणि ज्याचं ताट त्यानं घासायचं असा नियम लावलास. ताटं धुतलेलं पाणी मागच्या झाडांना. सुरुवातीला फोटो निघाले, पाहुणे बघायला आले, प्राचार्यांनी भाषणात तुझं नाव घेतलं. मग नवलाई सरली. मुलं रांगेत कुरकुरायला लागली, तासाला उशीर व्हायला लागला, नळापाशी कुणीतरी घसरून पडलं. कुणी तर खरकटं ताट तुझ्या खोलीच्या दाराशी ठेवून गेलं. आता प्राचार्य म्हणतात, पुढच्या सत्रापासून प्लेटा परत आणू. आणि तू म्हणतेस, माणसं बदलत नाहीत, त्यापेक्षा मीच निघते. त्या ताटाचं ऐकलं तेव्हा माझ्याही डोक्यात तिडीक गेली. पण दुपारी पडल्या पडल्या मनात आलं, ताट स्टीलचंच होतं ना? म्हणजे तुझा निषेध करायलाही त्यांना तुझंच ताट लागलं.

आता इकडची बातमी ऐक. आपल्या भिंतीला लागून असलेल्या शाळेचे हेडमास्तर तुला आठवत असतील. आठवायलाच हवेत. मागच्या सुट्टीत फाटकाशी उभी राहून त्यांचं डोकं तूच खाल्लंस. त्यानंतर त्यांनी पाण्याच्या टाकीमागे खताचा खड्डा खणून घेतला. मुलांनी घरून भाज्यांची देठं, फळांच्या साली बादलीतून आणायच्या, त्यावर वाळलेला पाला घालायचा, तयार झालेलं खत शाळेच्या झाडांना. वर्ग सुटला की दिवे-पंखे बंद करणं हेही आलंच. सगळं तुझ्याच तोंडचं. माणूस भला आहे, पण उत्साहाला लगाम नाही. पहिल्याच महिन्यात जाहीर करून बसले, ज्या वर्गाची बादली सगळ्यात जड त्या वर्गाला बक्षीस.

मग काय विचारतेस! मुलं निम्मा डबा खड्ड्यात ओतायला लागली. शेजारची धाकटी रोज शाळेतून भुकेजून यायची आणि आईला सांगायची, आई, आज आमच्या वर्गानं खड्ड्याला पोटभर जेवू घातलं. आयांनीही कंबर कसली. बटाट्याची साल इतकी जाड निघायला लागली, की आत बटाटा शोधावा लागे. कचरा कमी करायचा म्हणून सुरू झालेलं काम, आणि कचरा करता करता अख्खी गल्ली थकून गेली. खड्ड्याला असा वास सुटला की मी आमची मागची खिडकी बंद करून टाकली.

हेडमास्तरांना चूक कळली, तर त्यांनी नियम उलटा केला. आता ज्याची बादली सगळ्यात हलकी त्याला बक्षीस. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दाराशी असलेल्या कुंड्यांमध्ये केळ्यांच्या साली उगवायला लागल्या. शाळेत शिरण्याआधी पोरं बादली माझ्याकडे हलकी करून जात होती.

चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी साली पदरात गोळा केल्या आणि भांडायला निघाले. बघ, इतकी वर्षं त्या भिंतीला लागून राहिलेय. तुझ्या बापाला फाटकापर्यंत सोडलं, तुला फाटकापर्यंत सोडलं, दोघांच्या पावसात भिजलेल्या दप्तरांसाठी फाटकाशी उभी राहिले. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. आत माझं काय काम? त्या दिवशी मात्र रागाच्या भरात सरळ मैदान ओलांडून गेले आणि हेडमास्तरांच्या टेबलावर साली ओतल्या. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, बसा आजी. आत मोठी खुर्ची एकच, ती त्यांची. मला पहिलीच्या वर्गातली चिमुकली खुर्ची आणून दिली. गुडघे हनुवटीला लावून भांडता येतं का कधी? माझं भांडण तिथंच संपलं.

मी एवढंच म्हटलं, मास्तर, बक्षीस बंद करा. मुलांनी दात घासले म्हणून तुम्ही ढोल वाजवता का? ते हसले, मग म्हणाले, बक्षीस बंद केलं तर मुलं आणायचीच बंद होतील. आणि खरंच झालं तसं, माझं चुकलंच. दोन आठवडे खड्ड्याकडे कुणी फिरकेना. हेडमास्तर येता-जाता माझ्याकडे असं बघत, जणू मीच तो बुजवलाय. मग मीच माझी बादली घेऊन जायला लागले. ती खुर्ची खड्ड्याजवळ ठेवून बसायची. एक आलं, दोन आली. मी काही शिकवलं नाही, नुसत्या चौकश्या केल्या: काय गं, काल घरी जेवायला काय केलं होतं, ही साल कशाची, आज देठं नाहीत म्हणजे आई आजारी आहे की काय? मुलांना खताचं वेड नाही गं, पण आपल्या बादलीत कुणीतरी डोकावतंय म्हटलं की ती बादली आणतात.

एकदा माझ्या हातून चूक झाली. दोन पिंपांवर ओलं आणि सुकं असं लिहिलेलं, मला कुठलं कळायला! मी देठांचा ढीग कागदांच्या पिंपात घातला आणि वर मुलांनाही तसंच घालायला लावलं. सगळे कागद कुजले. दुसऱ्या दिवशी एका पिंपावर पान आणि दुसऱ्यावर वही रंगवलेली. कुणी काढलं, कुणी सांगेना. आता दुसरीतल्या एकीनं मला अक्षरं शिकवायचा घाट घातलाय. मी तिला म्हटलं, आधी तू नाक पुसायला शीक, मग बघू.

हल्ली काय झालंय सांगू? कुणाला काहीच वाटत नाही. मुलं येतात, बादली रिकामी करतात, वर पाला टाकतात आणि खेळायला पळतात. टाळ्या नाहीत, फोटो नाहीत, कुरकुर नाही. चप्पल काढून ठेवावी तसं. मला वाटतं, कुठलंही काम रुजतं ते असं, त्याचा कंटाळा आल्यावर. तुझी मुलं अजून कुरकुरताहेत, म्हणजे कंटाळ्यापर्यंत पोचायची आहेत. तू नेमकी अर्ध्या वाटेवरून परत फिरतेयस. आणि ती ओली जागा तेवढी नीट करून घे. घसरून पडलेल्या मुलाची तक्रार खरी आहे. खरी तक्रार ऐकली की खोटी आपोआप बारीक होते.

आता मूळ मुद्द्यावर येते, तुझ्या आईचा हातही दुखायला लागलाय. परवा शाळेत संस्थेची मंडळी आली होती. त्यांतले एक कोटवाले म्हणाले, हा खड्डा बुजवू, इथे सिमेंट घालून गाड्या लावायला जागा करू, असली खुळं कुठेच टिकत नाहीत. टिकलेलं एक ठिकाण दाखवा. हेडमास्तर खाली बघायला लागले. मी माझ्या खुर्चीतून म्हटलं, माझ्या नातीच्या कॉलेजात, दीड वर्ष झालं. कोटवाले म्हणाले, मग आम्ही येऊन बघतो. मी म्हटलं, या. पुढच्या महिन्यात ते तुझी मेस बघायला येताहेत. तुझ्या राजीनाम्याचं मला आदल्याच दिवशी कळलं होतं, तरीही मी बोलले. रागव हवं तर. तुझ्या आजोबांच्या मागे माझ्या दुपारी कशा जात होत्या, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारायचीस तेव्हा मीही मजेतच असायचे. आता शाळेची घंटा झाली की मला कुठेतरी जायचं असतं. या वयात शाळेत जागा मिळालीय, बाई, आणि ती त्या खड्ड्याच्या काठावर आहे. तेव्हा तो कागद खणातच राहू दे. मंडळी येऊन जाईपर्यंत तरी. पुढचं तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही. कोटवाल्यांना जेवायला घाल आणि त्यांचं ताट त्यांनाच घासू दे, तेवढं मात्र कर. त्यांच्या हाती तुझा डबा आणि पिशवी पाठवतेय. रिकामी परत पाठवू नकोस. डब्यात मावतील तेवढी तिकडची संत्री घाल, उरलेली पिशवीत. सोलू नकोस. गर तुझ्या आईला, साली मला. आणि झाकण विसरू नकोस.

तुझीच, शाळेत जाणारी,
आजी