डबी फोडून काढलेली डिस्क

भोपर, डोंबिवली
१५ एप्रिल २०२५

मयूर,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. मी लिहिलेत असं समज, हात वळत नाहीये. घरी सगळं ठीक. कृतिकाचं लग्न मेमध्ये, मांडववाला ठरला. आईचं चाललंय. तू मला फोनवर ब्लॉक केलंयस म्हणून हा कागद.

परवा रविवारी मी औषधं आणायला गेलेले, तेवढ्यात तू येऊन आईच्या उशाजवळची हार्ड डिस्क उचलून नेलीस. चोरासारखा! तुझ्या बायकोला, संचिताला फोन केला तर तिने सगळं सांगितलं. तुझ्या शूटिंगच्या कॉम्प्युटरात जागा संपली म्हणून तू स्क्रूड्रायव्हर घालून डबी फोडलीस, आतली डिस्क काढून कॅबिनेटमध्ये बसवलीस, आणि वर मला निरोप, "तायला सांग, डिस्क कोरीच आहे, कसली आलीत गाणी!"

कोरी नाही रे, दीडशहाण्या. मी लगेच नौपाड्यात गेले, तिथे एक जण बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देतो. तो म्हणाला, डबीत जी छोटी हिरवी पट्टी असते ना, ती आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कुलूप लावते आणि तीच ते उघडते. पट्टीशिवाय डिस्क सरळ कॉम्प्युटरला जोडली की त्याला काही वाचता येत नाही, म्हणून तो फॉरमॅट करू का विचारतो. तू 'हो' दाबलंस का? एवढंच मला हवंय. दाबलं नसशील तर पट्टी परत लावली की सगळं दिसेल. दाबून वर तुझी हळदीची शूटिंगं भरली असशील, तर संपलं. पट्टी कचऱ्यात टाकली असशील तर कचऱ्यात हात घाल.

डिस्क तूच आणून दिलेलीस, मान्य. आतला आवाज तुझा नाही. आपल्या आईसारखी धवलारीण आता पाड्यात उरलेली नाही. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला गायचं धवल तिला पाठ, आणि ती सगळी मी मोबाइलवर घेऊन त्या डिस्कमध्ये ठेवलेली. दुसरीकडे कुठेच नाहीत. जुना मोबाइल कधीच गेला.

तू म्हणशील, तिच्याकडून परत गाऊन घे, आई आहे की.

नाही गाऊ शकत. जानेवारीत तिच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. त्याच दिवशी हॉस्पिटलातून तुला फोन लावत होते, तुझा ब्लॉक! मग मीही हट्टाने संचितालाही कळवलं नाही. गणपतीत भांडलास कशावरून, तर भाचीच्या लग्नाचं शूटिंग दुसऱ्याला दिलं म्हणून. लग्नाला पाय ठेवणार नाही म्हणालास. बरं, नको ठेवू. पण आईची चौकशी करायला कुणी अडवलेलं? ती चालते, जेवते, सगळं समजतं तिला. शब्द गेलेत. पाणी हवं असलं तरी बोट दाखवते.

संचिता म्हणाली, आईने अबोला धरला म्हणून तू चिडलास. "मी एवढं बोलतोय आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलीय," असं म्हणालास म्हणे. अरे, लाज वाटली तिला! लेकाशी बोलता येत नाही म्हणून तोंड फिरवलं तिने. आपल्या घरात अबोला धरायची खोड तुझी आणि माझी. तिने कधी धरलेला सांग!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाठ असलेली गाणी रोज ऐकवा, बोलण्याआधी कधीकधी गाणं परत येतं. म्हणून डिस्क तिच्या उशाशी असायची. रोज लावायचो. आधी नुसते ओठ हलायचे. मग शनिवारी तिने एक ओळ अख्खी म्हटली. कृतिका रडली, मीही रडले. रविवारी तू आलास. सोमवारपासून आई डिस्कच्या जागेवर हात फिरवत बसते. माझा इतका संताप होतोय की तू समोर असतास तर काय केलं असतं माहीत नाही.

आणखी एक. हे लिहायचं नव्हतं, तुला ऐकवून बरं वाटू द्यायचं नव्हतं मला. संचिता म्हणाली, तू डिस्क घेऊन निघालास तेव्हा आईने मागून गाणं म्हटलं. तुला वाटलं, हिणवतेय. तू मागे वळूनही न बघता गाडीला किक मारलीस.

कुठली ओळ होती ती, मूर्खा? मी आईला विचारलं, तिने परत म्हणून दाखवली. नवरीच्या मामाला मांडवात बोलावतात, ते धवल. तिला तुला हाक मारायची होती. तुझं नाव तिला सापडेना, जे होतं त्यातलं तिने काढलं.

डिस्क, पट्टी, फुटकी डबी, जे असेल ते घेऊन ये. हे बोलावणं आईचं आहे. माझं नाही.

नयन