शेजारच्या पिंजऱ्याचं दार

३ मार्च

चावली! अंगठ्याच्या खाली, खोल. कालच आमच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात आलेली काळी मांजर. शी-शूच्या वाळूचं घमेलं काढायला पिंजऱ्यात हात घातला, तर ती घमेल्यातच दबून बसलेली. मागे सरायला जागाच नव्हती तिला. इतकी वर्षं मांजरांच्या पिंजऱ्यांची झाडलोट करतोय, पण असे डोळे पाहिले नव्हते.

साबण लावून हात नळाखाली धरला. निवाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच दवाखान्यात पिटाळलं. रेबीजचं पहिलं इंजेक्शन झालं. "मांजर दहा दिवस धडधाकट राहिली की तुम्ही निर्धास्त," त्या म्हणाल्या. "तोवर इंजेक्शनं चुकवायची नाहीत."

घरी ही म्हणाली, "आता घरात म्याव करू नका म्हणजे झालं." हसली. पण वाढताना दोनदा माझा हात उलटून बघितला.

४ मार्च

मांजर खात नाही.

५ मार्च

आजही नाही. पाण्यालाही तोंड लावलं नाही. पाण्याला! लहानपणी शाळेच्या वाटेवरच्या घरात कुत्रं चावलेला एक माणूस असाच पाण्याला भिऊन गेला. मी खिडकीतून पाहिला होता. सकाळी पेलाभर पाणी प्यायलो, घोट नीट उतरतो का ते बघत. देवाचं नाव घ्यायला बसलो तरी लक्ष घशाकडेच.

६ मार्च

धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारलं — "पिसाळली असेल का?"

"आत्ताच सांगता येणार नाही. पण संडासात ताट वाढलं तर तुम्ही तरी जेवाल का? शेजारचा पिंजरा रिकामा आहे ना? मधला पत्रा कापा. एकीकडे वाळू, दुसरीकडे वाटी, आणि लपायला काहीतरी द्या."

निवाऱ्याचे साहेब म्हणाले, "चावऱ्या मांजरीला दोन खोल्या! मी केव्हापासून एक मागतोय." पण नको म्हणाले नाहीत.

बाईंनी तिला चादरीत गुंडाळून पेटीत हलवलं. मी लांब उभा होतो. लाज वाटली. मग पत्र्याला भोक पाडलं, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, सरकतं झाकण बसवलं. वर एक फळी, खाली पुठ्ठ्याचा खोका. सोडल्याबरोबर खोक्यात शिरली.

८ मार्च

खाल्लं! थोडंसं, पण खाल्लं. पाणीही प्यायली. आता ती एकीकडे गेली की झाकण सरकवतो आणि दुसरीकडचं साफ करतो. हात तिच्या वाटेला जातच नाही. दुपारी फळीवर बसून माझ्याकडे बघत होती. आज झोप लागेल.

१० मार्च

मांजर गेली.

आमच्याकडे रिकामा पिंजरा धुतला की वाळायला दार उघडं टाकायचं, ही जुनी रीत. धुण्याच्या कामावरच्या मावशीनं शेजारचा पिंजरा धुतला, दार उघडं टाकलं. मांजर आणि वाटी तेव्हा या बाजूला, म्हणून तो मावशीच्या लेखी रिकामाच. मधलं झाकण उघडं. मागची खिडकीही उघडी. तिथूनच ती निसटली. मावशी रडायला लागली — "दादा, तो पण आता तिचाच झालाय, हे मला कुणी सांगितलं?" खरंय. मीच नाही सांगितलं.

गटारं, गाड्यांखाली, भिंतीमागं — सगळं पालथं घातलं. साहेबही बॅटरी घेऊन गाड्यांखाली वाकले. ते जास्त लागलं.

११ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणतात, इंजेक्शनं पूर्ण घ्या, काही होणार नाही. मान्य. पण ती कुठं मरून पडली असेल तर? कशानं? ते आता कुणाला कळणार?

तिला सुखरूप ठेव म्हणून मागतो. तिच्यासाठी मागतो की माझ्यासाठी? देवाला कळत असेल. मला कळत नाही.

बाईंच्या सांगण्यावरून खिडकी आणि पिंजऱ्याचं दार उघडंच ठेवलंय. वाटी भरलेली.

१२ मार्च

वाटी तशीच. घोट गिळताना आज घाम फुटला.

१४ मार्च

सकाळी कुलूप काढलं. वाटी रिकामी. खोक्यात काळं काहीतरी. वाकून बघितलं, तर तिनं एक डोळा उघडला, जांभई दिली आणि कूस बदलून परत झोपली. दहा दिवस कालच सरले होते. मावशीला हाक मारली आणि पेलाभर पाणी एका दमात प्यायलो.