उड्डाण पुन्हा पुढे ढकललं

टायटसव्हिल,
३० एप्रिल २०११

प्रिय ओडेसा,

काल अंतराळयान उडालं नाही, हे तुला बातम्यांतून कळलंच असेल. कुठलासा हीटर चालेना म्हणून सगळं रद्द. आम्ही सकाळपासून नदीकाठी घडीच्या खुर्च्या टाकून, अंगाला डासांचं मलम चोळून बसलो होतो. शेजारचा हॉइट, तोच क्रेनवाला, म्हणाला, "व्हर्लीन, तुझ्या यानाला माझ्यासारखाच संधिवात झालाय. उठायचं म्हटलं की कुरकुर!" मी म्हटलं, कुरकुरू दे रे बाबा, ते जमिनीवर आहे तोवर माझा पगार चालू आहे. सगळे हसले. अजून दोन उड्डाणं, की यानं संग्रहालयात आणि आम्ही घरी.

पण ते मला लागलं नाही. लागलं ते तुझं फोनवरचं बोलणं. "बरं झालं आई, संपतंय एकदाचं. नाहीतरी आपल्यातलं कोण जाणार होतं वर?" किती सहज म्हणालीस! फ्रिजच्या खोक्यात बसून, मांजराला मांडीवर घट्ट धरून उलटी गणती करणारी मुलगी तूच ना? आज तू मालवाहू विमानं उडवतेस, भर वादळात उतरवतेस, आणि वर जायची गोष्ट निघाली की विषय बदलतेस. मला त्याचा फार राग आला. कुणाचा, ते सांगते.

काल आमच्या शेजारी ओहायोहून आलेली एक बाई बसली होती. ती म्हणे, "आता हे बंदच होणार. झालं ते बरंच. यंत्रं पाठवावीत, माणसं कशाला?" मी म्हटलं, मग तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? फोटो मागवायचा होता! बाईंनी तोंड फिरवलं. हॉइटने मला उकडलेले शेंगदाणे दिले, बहुधा गप्प बसावं म्हणून. मी काही गप्प बसले नाही. माणूस जाणारच, आज नाही तर दहा वर्षांनी, हे मी त्या सगळ्यांना ऐकवलं.

आणि हे मी भोळेपणाने म्हणत नाही. तुला कधी न सांगितलेलं सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइला बसवताना मी गोंदात थुंकायची. हसू नकोस. थुंकी पडली की गोंद लवकर धरतो, आणि आम्हाला कायम घाई. पुढे कळलं की अशी टाइल नंतर सुटू शकते. मी आपण होऊन साहेबांकडे गेले, माझ्या सगळ्या टाइला दाखवल्या आणि एकेक उखडून पुन्हा बसवल्या. वर गेलेल्यांचा जीव केवढ्याशा थरावर चिकटलेला असतो, हे मला या हातांनी ठाऊक आहे.

म्हणूनच २००३च्या त्या शनिवारी परतीच्या वाटेवर यान तुटलं आणि त्यातले सात जण परतले नाहीत, तेव्हा मी वेडीपिशी झाले. पुढे चौकशीत दोष टाइलांचा निघाला नाही, तरी कित्येक महिने मी प्रत्येक टाइल दोन-दोनदा तपासायची. त्या शनिवारीच संध्याकाळी बायबलवर तुझा हात ठेवून मी तुझ्याकडून वदवून घेतलं, की तू कधीच वर जाणार नाहीस. परवा तुझी ट्रंक आवरताना २००८ सालचा अंतराळवीर भरतीचा अर्ज सापडला. पूर्ण भरलेला, खाली तुझी सही. फक्त पाठवलेला नाही. राग आला तो माझा मलाच, बाळा. त्या शपथेतून मी तुला मोकळं करते. भीती माझी होती, ती तुझ्या गळ्यात बांधायचा मला काही अधिकार नव्हता. यान कुठाय म्हणशील, तर कुणीतरी नवं बनवतंच आहे, आणि त्यालाही टाइला चिकटवणारी बाई लागेलच. भीती मला आजही वाटते, उद्याही वाटेल. ती माझी मी बघून घेईन. पुढची भरती निघाली की तू अर्ज पाठव.

तुझीच, आणि यापुढे तुला न अडवणारी,
आई