रफूला पेटीत घालताना

प्रिय ताई,

आधी बातमी सांगते आणि मग पाल्हाळ लावते, नाहीतर तू शेवटचं पान आधी उघडशील. रफू वाचली. आत्ता ती माझ्या शिलाई मशीनशेजारी चिंध्यांच्या टोपलीत कुशीवर झोपली आहे. पोटावरचे केस भादरले आहेत आणि मधोमध टाक्यांची रांग आहे. टाके माझ्यापेक्षा सुबक आहेत, हे फक्त तुला सांगते, गिऱ्हाइकांना सांगणार नाही. ते चाटू नयेत म्हणून तिच्या गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं बांधलंय. त्यामुळे येताजाता ती दाराच्या चौकटीला धडकते आणि वळून आमच्याकडे अशी बघते, जणू चौकट आम्हीच पुढे सरकवली. आज सकाळी तिने बशीभर मऊ मासा चाटूनपुसून खाल्ला. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मनसोक्त रडून घेतलं.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? ‘बरी आहे ना मांजर, मग झालं’ म्हणून मोकळी होशील. आणि हल्ली आपलं बोलणं मधेच तुटतं. तुला ठसका लागतो, तू पाणी पितेस, आणि मग म्हणतेस की ठेवते गं, गॅसवर दूध आहे. इतकं दूध तुझ्या घरात पितं तरी कोण? म्हणून पत्र. पत्राला काही गॅसवरचं दूध आडवं येत नाही.

तर झालं असं, की रफूने खाणं सोडलं. एकदम नाही, हळूहळू. बशीजवळ यायची, वास घ्यायची, ओठ चाटायची, मान लांब करून हवा गिळल्यासारखं करायची आणि मागे फिरायची. घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. माझं म्हणणं, ती रुसली आहे, कारण तिची लाडकी खुर्ची मी दुरुस्तीला दिली होती. आमच्या ड्रायव्हरसाहेबांचं म्हणणं, उकाडा आहे. तुझ्या मेहुण्यांना बस चालवायचं सोडून बरीच वर्षं झाली, पण गाडी असो, माणूस असो की मांजर, बिघाडाचं कारण हवामानच, हे मत काही त्यांनी सोडलेलं नाही. दूध मात्र ती पीत होती. दूध पितेय ना, मग काही नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. भूक तिच्या डोळ्यांत दिसत होती, ताई. ती खात नव्हती असं नाही, तिला गिळता येत नव्हतं. पण हे मी आज म्हणते आहे.

मग तिला उलट्या सुरू झाल्या आणि ती कपाटाखाली जाऊन बसली, ती हलेचना. मी प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि आवाज बदलून म्हणाल्या, आजच आणा, दवाखाना बंद व्हायच्या आत आणा, उद्यावर टाकू नका. 

आता आणायचं म्हणजे पेटीत घालून. ती जाळीच्या दाराची प्लॅस्टिकची पेटी तू पाहिली आहेस. एकदा लस टोचायला रफूला तिच्यातून नेलं होतं, तेव्हापासून माळ्यावरून नुसती पेटी काढल्याचा आवाज आला तरी बाई पसार. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, सोपं आहे, गाडी रिव्हर्समध्ये घ्यायची. म्हणजे मांजर उलटं धरून मागच्या पायांकडून आत लोटायचं. त्यासाठी त्यांनी ओव्हनमधली भांडी उचलायचे माझे जाड हातमोजे चढवले आणि हात लांब करून तिला कपाटाखालून काढलं. एवढंसं आजारी जनावर, पण पेटीच्या तोंडाशी येताच चार पाय चार कडांना असे रोवले, की पेटीच मागे सरकत भिंतीला टेकली. दुसऱ्या क्षणी साहेबांच्या नाकावर ओरखडा आणि रफू पुन्हा कपाटाखाली, यावेळी पार भिंतीपाशी. मग पेटीत मासा ठेवून पाहिला. तिने लांबूनच माशाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. आमिष दाखवायचं तरी कशाचं, तिला तर खाताच येत नव्हतं! तेव्हा मी खरी घाबरले.

साहेब गुडघ्यांची पर्वा न करता जमिनीवर पालथे झाले आणि जुन्या सवयीने तिला समजावू लागले, चला, पुढे सरका, पुढे जागा आहे. एरवी मी हसून लोळले असते. झाडूने ढकलूया का, असं मी विचारलं, तर उठून बसले आणि म्हणाले, नको गं, माझा हात धजत नाही. नाकावर रक्त, डोळ्यांत पाणी. असा अवतार मी लग्नापासून आजवर पाहिला नव्हता.

मला त्या क्षणी तू आठवलीस. मी लहानपणी काचेवर पाय दिला होता आणि टाके घालतील म्हणून पलंगाखाली शिरले होते. आई ओरडत होती, बाबा शेजाऱ्यांना बोलवायला गेले होते. तू मात्र पलंगाजवळ मांडी ठोकून बसलीस आणि माझ्या बाहुलीचा फाटलेला पाय मुद्दाम चुकीच्या दोऱ्याने शिवायला लागलीस. मला राहवलं नाही, सांगायला बाहेर आले, तशी तू मला कडेवर उचललंस ते थेट दवाखान्यातच उतरवलंस. तेव्हा तूही काही मोठी नव्हतीस. वाटेत दोनदा मला खाली ठेवून दम घेतलास, पण कुणाला हात लावू दिला नाहीस. स्वतःचं काही दुखलं की मात्र तुझं एकच, मला काही होत नाही. आपल्या घरात आजारी पडायचा हक्क धाकट्यांनाच होता, असं तू कोणी न विचारता ठरवून टाकलं होतंस.

तर मला सुचलं. रफूला मासा नको, आता दूधही नको, पण मी जमिनीवर कापड पसरलं की मधोमध येऊन बसायचं, हे तिचं काम. गेली कित्येक वर्षं मी मांजराला वळसा घालून कापड बेतत आले आहे. मी साहेबांना खुर्चीत बसवून हातात वर्तमानपत्र दिलं आणि सांगितलं, वाचा, हिच्याकडे बघू नका. पेटी दाराचं तोंड वर करून भिंतीशी उभी केली. मग एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं गर्द निळं कापड पसरलं आणि खडू घेतला. नुसतं नाटक करून चालणार नव्हतं. मांजराला नाटक कळतं. म्हणून खरंच कोटाची पाठ आखली आणि खरंच कात्री लावली. कात्रीचा आवाज झाला. कपाटाखालून एक मिशी बाहेर आली, मग नाक, मग पाय ओढत, थांबत थांबत ती आख्खी आली आणि कोटाच्या पाठीवर बसली. अंगात त्राण नाही, तरी कामावर हजर!  मी चारही टोकं एकत्र धरून उचलली आणि गाठोडं वरूनच पेटीत सोडलं. दार लागलं. साहेबांनी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. कात्री मात्र वाकडी गेली. आता त्या कोटाला पाठीत जोड येणार आहे आणि मी त्या गृहस्थांना सांगितलंय, हल्ली अशीच पद्धत आहे.

टॅक्सीत ती वाटभर रडली आणि साहेब टॅक्सीवाल्याला वळणं कशी घ्यायची ते शिकवत राहिले. डॉक्टरबाईंनी तिचं तोंड उघडलं, हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर उचलली आणि बॅटरी मारली. जिभेच्या मुळाशी निळ्या दोऱ्याचा फास होता. माझाच दोरा, ताई. निळ्या कापडाला नेहमी वापरते तोच. एक टोक जिभेखाली अडकलेलं आणि बाकीचा लांबच लांब पोटात गेलेला. दोरा दिसला की ओढायचा, ही माझी जन्माची सवय. माझा हात पुढे गेलासुद्धा. बाईंनी तो मनगटात धरला आणि म्हणाल्या, ओढला तर आतडं कापलं जाईल. लगेच शस्त्रक्रियेला घेतलं.

बाहेर बाकावर आम्ही दोघं रिकामी पेटी मधे ठेवून बसलो होतो. साहेब एकदाही हवामानाबद्दल बोलले नाहीत. दार उघडलं. बाई म्हणाल्या, निघाला सगळा, आतडं शाबूत आहे, वेळेत आणलंत. मग मला पाणी दिलं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. घरी येताना साहेब टॅक्सीवाल्याला म्हणाले, तुम्ही गाडी फार छान चालवता. आता आमच्या घरी दोऱ्याचा तुकडादेखील जमिनीवर पडत नाही. साहेब चुंबक घेऊन सुया आणि चिमटा घेऊन दोरे वेचत फिरतात.

पण त्या बाकावर बसल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. नुसती जीभ उचलून बघायची होती. आणि आम्ही रुसवा काढत बसलो होतो. आता तुझ्याकडे वळते. सूनबाईचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, ती बिचारी तुला घाबरून अंगणात जाऊन बोलत होती. म्हणाली, आई प्रत्येक घासावर पाणी पितात, सगळ्यांच्या आधी ताट उचलून आत जातात, आणि हल्ली सूप आणि दुधावरच असतात. विचारलं तर म्हणतात, पित्त आहे. ताई, मला फोनची गरज नव्हती. तू तुझे कपडे शिलाई आत घेऊन घट्ट करायला पाठवलेस, मी दोन्ही बाजूंनी घेतले. तेच पुन्हा पाठवलेस आणि सांगितलंस, धुऊन धुऊन सैल झालेत. अगं, धुऊन कापड आटतं. मी काय आज सुई धरली आहे? शिलाई उसवताना कळलं होतं मला. पण विचारायची हिंमत झाली नाही. मी तुझ्यासाठी घशाच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे. नळी घालून आत बघतात, फार वेळ लागत नाही, आणि बऱ्याचदा साधंच काहीतरी निघतं, असं त्या म्हणाल्या. मंगळवारी सकाळी मी आणि तुझे मेहुणे येतोय. तू ओरडशील, मला आगाऊ म्हणशील, म्हण. सूनबाईला बोलू नकोस, मला बोल. भीती वाटत असेल तर तेही सांग, मला तर नुसतं लिहितानाही वाटते आहे. काही निघालं नाही तर गावभर माझी टर उडव. निघालं, तर आपण वेळेत गेलेल्या असू. मला तुझ्याशिवाय जगायला येत नाही गं, कधी शिकवलंच नाहीस. दार उघड एवढंच.

तुझीच,
ठकी