साईच्या रंगाचं बाळ

मंगळवार, ४ ऑगस्ट

घरी आलो! लेक, तिचं बाळ, मी आणि फुगलेल्या पिशव्या. बाळ तारखेच्या आधीच आलं — आईसारखंच, कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही. वजन जरा कमी आहे. नाक मात्र माझं. नाकाची काळजी मिटली.

निघताना वॉर्डातल्या नर्सने शाळा घेतली. दर दोन-अडीच तासांनी पाजा, झोपलं असेल तर उठवून पाजा. नवजात बाळांना कावीळ होते, बहुतेकांची आपली आपण जाते, पण लक्ष ठेवा. उजेडात न्या, नाकावर नि कपाळावर बोट दाबा, बोट उचललं की खालची कातडी पिवळी दिसते का बघा. डोळ्यांतलं पांढरं बघा. आणि गुरुवारी तपासायला आणा.

मी म्हटलं, "बाई, रंग कसा बघायचा ते मला शिकवू नका. जन्म गेला माझा रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात."

लेकीने कोपर ओढलं. नर्स हसली. "मग बाळ नशीबवान म्हणायचं, आजी."

आजी! ओळख ना देख.

बुधवार, ५ ऑगस्ट

नाव ठरेपर्यंत बाळाला साहेब म्हणायचं ठरलं. साहेब खातात थोडं, झोपतात फार, म्हणजे साहेबच.

सकाळी उत्तरेच्या खिडकीत धरलं. कारखान्यात नमुना असाच बघायचो — उत्तरेचा उजेड, थेट ऊन नाही, मागे पांढरं काहीतरी. खाली पांढरी चादर घेतली, नाक दाबलं, सोडलं. लेक पलंगावरून मान उंचावून बघत होती.

"आई, पिवळा वाटतोय का गं?"

"साय आहे साय. दुधावरची."

"नक्की ना? माझं डोकंच चालत नाहीये."

"कधी चाललं होतं?"

हसली, आणि टाके धरून कळवळली. "हसवू नकोस ना! बरं, तू म्हणतेस म्हणजे नाहीच."

पांढऱ्यातले पांढरे ओळखणं सगळ्यात कठीण. कागदी, हस्तिदंती, साईचा, चुनखडीचा. वाद झाला की धाकटी पोरं नमुने घेऊन माझ्याच टेबलाशी यायची. मी बोट ठेवीन तो रंग.

गुरुवार, ६ ऑगस्ट

दवाखान्यात गेलो नाही. बाहेर पाऊस कोसळतोय, लिफ्ट बंद, आणि टाके घेतलेल्या मुलीला चार मजले उतरवायचं कशाला? तर चांगल्या बाळाला चांगलं म्हणून घ्यायला! मीच फोन करून सांगितलं, सोमवारी आणतो. पलीकडची "पण मॅडम —" म्हणाली. ठेवून दिला.

जेवल्यावर लेक गाढ झोपली, बाळंतपणानंतर पहिल्यांदा. पाजायची वेळ झाली म्हणून दारात गेले. दोघांची तोंडं एकसारखी उघडी! दार लोटून घेतलं. पुढच्या वेळेलाही तेच. मध्ये एकदा साहेब रडले, मांजराच्या पिल्लासारखे, बारीक. थोपटलं, गप्प. किती शहाणं बाळ! याची आई या वयात छप्पर उडवायची.

लेक दचकून उठली. "किती वाजले? पाजलं का गं त्याला?" तिने सकाळी दूध काढून ठेवलं होतं. वाटी-चमच्याने दिलं म्हटलं. निवांत झाली.

शुक्रवार, ७ ऑगस्ट, दवाखान्यातून

बाळाला आत नेलंय. मी बाहेर बसून लिहितेय.

दुपारी जावयाचा व्हिडिओ कॉल आला. ते जहाजावर इंजिन सांभाळतात, बंदराला लागले की तोंड दाखवतात. बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं.

"आई, बाळ पिवळं दिसतंय हो."

"तुमचा फोन पिवळा आहे."

"अहो, पण खालची चादर पांढरी दिसतेय ना. बाळच तेवढं पिवळं दिसतंय."

एक मोजा काळा आणि एक निळा घालून लग्नाला उभा राहिलेला माणूस मला रंग सांगणार! तोंडावर आलं होतं. तेवढ्यात लेकीने बाळाला माझ्या हातातून काढून घेतलं आणि पाजायला धरलं. साहेब तोंड उघडेनात. तळपाय चोळले, कान चोळला. डोळे अर्धे उघडले, मिटले. मान अशी लोंबली —

"आई, गाडी बोलाव."

टाक्यांसकट चार मजले उतरली, कठडा धरून. एकदाही "आई गं" म्हणाली नाही.

बालरोगतज्ज्ञ पोरगेलासा आहे. कपडे उतरवले, छाती दाबली, पोट दाबलं, मांडी दाबली. "मांड्यांपर्यंत आलंय." रक्त नेलं. मग विचारलं, "दूध वेळेवर जात होतं? उठवून पाजत होतात?"

लेक म्हणाली, "हो. काल दुपारी मी झोपले होते, तेव्हा आईने पाजलं." आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "वेळेवर."

शनिवार, ८ ऑगस्ट

साहेबांना काचेच्या पेटीत ठेवलंय. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी, वरून निळा उजेड, खालूनही निळा. समुद्राच्या तळाशी ठेवल्यासारखं. पाजण्यापुरतं बाहेर काढतात.

डॉक्टरांनी नीट समजावलं. जन्मल्यावर बाळाच्या रक्तातल्या जादा लाल पेशी फुटतात, त्यातून एक पिवळा पदार्थ निघतो. तो निस्तरायचं काम यकृताचं. ते अजून कामावर नवीन, त्यात हा तारखेच्या आधीचा, म्हणून साठतो. दूध पोटात गेलं की शीवाटे बाहेर पडतो. कमी गेलं की आतच राहतो, पुन्हा रक्तात येतो. मग बाळ सुस्तावतं, सुस्तावलं की पीत नाही, पीत नाही म्हणून आणखी वाढतो. निळा उजेड त्या पदार्थाचं रूपच बदलतो, मग तो बाहेर पडायला सोपा जातो. खिडकीतल्या उजेडाने भागत नाही.

"आणि फार वाढला तर?" मी विचारलं.

"मेंदूत उतरतो. कान जाऊ शकतात, हातपाय लुळे पडू शकतात. म्हणून तर घाई. आज रात्रीपर्यंत रक्तातला आकडा खाली आला नाही, तर रक्त बदलावं लागेल."

एवढंसं ते बाळ. त्याचं सगळं रक्त बदलणार!

बाहेरच्या खुर्च्या अशा बनवल्यात की माणसाने बसूच नये. तक्रार लिहून द्यायला पेन काढलं, आणि परत ठेवलं. कुठल्या तोंडाने?

रविवार, ९ ऑगस्ट

आकडा उतरतोय. रक्त बदलावं लागणार नाही! लेकीच्या हाताला हात लावला. तिने काढून घेतला नाही, धरलाही नाही.

मंगळवार, ११ ऑगस्ट

घरी आलो. कानांची तपासणी महिन्याभराने. तोपर्यंत काही सांगता येत नाही म्हणे.

भांडं पडलं की मी साहेबांकडे बघते. दचकला का? दार वाजलं, दचकला का? आज मुद्दाम झाकण पाडलं. लेक ओरडली, "आई, काय चाललंय तुझं?" झोपेतच होता. झोपेत होता म्हणून दचकला नाही, की —

गुरुवार, २० ऑगस्ट

लेक दिवसभर पाणी पिते, दूध पिते, बाळाला लावते, रडते. आज म्हणाली, "वेळेवर पाजूनसुद्धा त्याची ही गत झाली. म्हणजे माझ्या दुधातच दम नाही. दुसरा काय अर्थ?"

"काहीतरीच! चूक माझी झाली. रंग मी चुकीचा सांगितला."

"तू फक्त रंग सांगितलास, आई. उपाशी मी ठेवलं त्याला."

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मदर म्हणायच्या, अर्धी कबुली म्हणजे पुरतं खोटं. तेव्हा आम्ही मागच्या बाकावरून त्यांच्या चालण्याची नक्कल करायचो.

रात्रीचं जेवण गेलं नाही.

बुधवार, २ सप्टेंबर

लेकीने ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. "तुझा रंग कसा चुकेल? माझा विश्वासच बसत नाही." भोळी!

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघताय. हळूहळू चढतो म्हणून माणसाला कळत नाही. सगळंच पिवळं, तर पिवळं वेगळं कसं दिसणार?

लेकीने तिथेच मला मिठी मारली! "बघ! तुझी चूक नव्हतीच!"

मला बरं वाटलं. लिहिते तसंच — बरं वाटलं. गाडीत बसेपर्यंत.

गुरुवार, १० सप्टेंबर

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली.

अरे देवा! माझ्या खोलीच्या भिंती पांढऱ्या आहेत! उजव्या डोळ्याने पांढऱ्या, निळसर झाक असलेल्या. डाव्याने चहा सांडल्यासारख्या. साहेबांना पांढऱ्या चादरीवर ठेवलं नि एकेक डोळा झाकून बघितलं. उजव्याने साहेब गुलाबी, चादर पांढरी. डाव्याने दोघं एका डब्यातले. साय!

जावयांना फोन करून माफी मागितली. "तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली." म्हणाले, "आई, हे मी रेकॉर्ड करायला हवं होतं." मोज्यांचा विषय आता बंद.

मंगळवार, १५ सप्टेंबर

दोन्ही कान उत्तम!! झोपलेल्या साहेबांच्या डोक्याला तारा चिकटवून तपासलं. तंत्रज्ञ म्हणाली, "आजी, तुम्ही कुजबुजलात तरी ऐकू जाईल याला." आजी म्हणाली तरी चालेल. हजारदा म्हणू दे.

लेक रडली, मी रडले, लिफ्ट परत बंद होती, चार मजले हसत चढलो.

वर आल्यावर तिने पिशवीतून पावडरच्या दुधाचा डबा काढला. "उद्यापासून हेच. माझ्या भरवशावर नको याला. परत तसं व्हायला नको." शांतपणे म्हणाली. सांगून-समजावून कंटाळलेल्या माणसासारखी.

बुधवार, १६ सप्टेंबर

दिलं नव्हतं.

त्या दुपारी वाटीतलं दूध मी बेसिनमध्ये ओतलं, वाटी धुतली, आणि दिलं म्हणून सांगितलं. तिला, डॉक्टरांना आणि डायरी, तुलाही. मोतीबिंदू डोळ्यांत होता, हातांत नव्हता.

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तिला हाक मारलीय.

येतेय.