जीपची मागची जागा

पारनेर, गुरुवार, ११ फेब्रुवारी १९७१

दातांना मिश्री लावू नका, हे भाषण आज पुन्हा एका गावात केलं. तोंडात पांढरा चट्टा दिसला तर कॅन्सरची शंका धरून लगेच नगरच्या मोठ्या दवाखान्यात जा, हे शेवटचं वाक्यही नेहमीचंच. तक्ते गुंडाळून बाहेर येते तो जीपच्या मागच्या जागेवर भाषण ऐकायला आलेली सखूबाई बसलेली. मांडीवर गाठोडं, त्यात भाकरी आणि एक लुगडं. गावातल्या बायका हसत होत्या, "सखे, शिनेमा बघाया चाललीस व्हय?"

तिनं बोटानं गाल ओढून मला चट्टा दाखवला. "तुमीच म्हनला न्हवं, लगेच जा?"

जीप आरोग्यप्रचाराच्या सरकारी अनुदानातली. रुग्ण न्यायची त्यात तरतूद नाही. ड्रायव्हर म्हणाला, "बसू द्या बाई, कोन बघतंय?" नको म्हणाले ती मीच. नियम मोडला तर गाडी काढून घेतील, मग बाकीच्या गावांचं काय? खरंच तेच कारण होतं, की नुसती भीती?

सखूबाई गाठोडं उचलून उतरली. वर माझीच समजूत घातली, "असू द्या बाई, तुमच्या नोकरीवर बालंट नको."

परतताना मागच्या जागेवर फक्त गुंडाळलेले तक्ते होते.

थकले आहे. अहवालात 'कार्यक्रम यशस्वी' असं लिहायचं आहे, ती ओळ कोरीच ठेवली. रजेचा अर्ज मात्र लिहिला. उद्या पहिल्या एस.टी.नं तिच्या गावी जाते, तिला नगरला न्यायला. ती पुन्हा गाठोडं बांधेल का, कोण जाणे.