बिनट्यूबचा पंधरवडा

१ सप्टेंबर, सोमवार
जुनवानीच्या रस्त्यावर पुन्हा पंक्चर. बाभळीचा काटा. या पावसाळ्यातलं कितवं ते मोजत नाही, मोजलं की वाढते. राहुलला फोन करावा लागला. मीटिंग सोडून आला, सायकल गाडीच्या डिक्कीत कोंबली, पण रागावला नाही. या पोराची हीच अडचण आहे. रागावला असता तर मी पण दोन शब्द ऐकवले असते. प्रेमाने म्हणाला, बाबा, आता पुरे करा न. कॉलनीत बगीचा आहे, तिथंच फिरत जा. अजून एकदा असा फोन आला तर सायकल कोणाले तरी देऊन टाकू.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्कूटरची चाबी अशीच प्रेमाने गेली होती. आता सायकल गेली की मी बगीच्यात. गोल बगीचा. घाण्याच्या बैलाच्या फिरण्यातून निदान तेल तरी निघते.

संकल्प: पंक्चरच होणार नाही अशी सायकल करायची. ट्यूबलेस. मोटारसायकलला चालते तर सायकलला कावून नाही?

३ सप्टेंबर, बुधवार
मोबाईलवर वाचलं. इंग्रजीत आहे, पण लोखंडाची भाषा सगळीकडे एकच. मतलब असा की आधी रिम तपासा. रिम ट्यूबलेससाठी बनलेली असली पाहिजे, तिच्या आत दोन्ही बाजूंनी बारीक उंचवटा पाहिजे म्हणजे टायर निसटत नाही, आणि स्पोकच्या भोकांवर पक्की टेप पाहिजे. टायरही ट्यूबलेसचंच. नाहीतर धोका, असं लाल अक्षरात आहे. लाल अक्षरं आमच्या पोलादाच्या प्लांटात पण सगळीकडे असायची.

तपासायचं म्हणजे माझंच काम. खलाशी म्हणजे हेल्पर म्हणून लागलो, इन्स्पेक्शनमधून रिटायर झालो. शाळा अर्धवट, पण मी पास केलेल्या रुळांवरून आगगाड्या गेल्या. रिम म्हणजे काय, वाकवलेला रूळच. छोट्या हातोडीने ठोकून पाहिली. टण्ण. आवाज स्वच्छ. खडूने दोन्ही रिमवर ‘ओके’ मारला. बाकीचं चेकिंग नंतर करू. ओके आधी असला की कामाला हुरूप येतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार
सेक्टर सहाच्या कट्ट्यावर प्लांटातल्या जुन्या मंडळींना सांगितलं. शामराव, रोलिंग मिलवाला, जन्माचा शंकेखोर, म्हणाला, नरहरी, रिम पास केली का तू? म्हटलं, ओके मारला. मग सगळ्यांनी मान डोलावली. आमच्यात खडूचा ओके म्हणजे देवाची रेघ. मारणारा सुद्धा पुसत नाही. पुसला तर तो इन्स्पेक्टर कसला?

शामराव म्हणे, मग सतरा तारखेले विश्वकर्मा पूजा माझ्या घरी आहे, ट्यूबलेसवरच ये. नाही तर राहुल आणून सोडीन तुले, लेकरासारखा. सगळे हसले. मी पण हसलो. त्यांच्यापेक्षा जास्त वेळ हसलो.

नात मोनाला सांगून टायर, टेप, व्हॉल्व्ह आणि टायरात घालायचं पांढरं औषध मागवलं. काटा घुसला तर ते आतून भोक बुजवते म्हणे. नव्या रिमा कशाला? आपल्या ओके आहेत.

८ सप्टेंबर, सोमवार
खोकं आलं. कालपासून पितृपक्ष लागला. बायको, मथुरा, दारात उभी. अवो, पितरपाखात नवी वस्तू घरात येत नाही, तुमाले इतकंही समजत नाही का? म्हटलं, मागवलं तेव्हा पितर आले नव्हते. ती म्हणे, आता आले न, अन् पाहून राहिले.

खोकं दिवसभर अंगणात. संध्याकाळी उपाय सुचला. टायर बाहेर काढून अंगणातल्या चिखलात चांगले लोळवले. आता नवे कुठं राहिले? मथुराने पाहिलं, कपाळाला हात लावला आणि दार सोडलं. पटलं तिला.

रोजनिशीत नोंद असावी: सायकलची दोन्ही चाकं आज काढली. त्यामुळे उद्या कट्ट्यावर जाता येणार नाही. एकदोन दिवसांचा प्रश्न आहे.

१० सप्टेंबर, बुधवार
उंचवटा शोधला. बोट फिरवून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. मागच्या रिममध्ये एका जागी आहे, चांगला जाणवतो. मथुरा म्हणे तो स्पीडब्रेकरवर आपटली होती तिथला पोचा आहे. असेल. पण उंचवटा तो उंचवटाच. पुढच्या रिमला नाही, पण पुढच्या चाकावर वजन कमी असते.

कट्टा नाही, घरीच. राहुल ऑफिसला निघताना मला अंगणात बसलेला पाहून खूश झाला. बाबा, घरी आहात, बरं वाटते. त्याला काय माहीत, मी सुटायची तयारी करून राहिलो.

११ सप्टेंबर, गुरुवार
आज खरी टेस्ट. प्लांटातल्या आमच्या शॉपमधली जुनी रीत: एका बाजूने खडूचा लेप, दुसऱ्या बाजूने रॉकेल. कुठं फट असली की खडू काळवंडतो. माळ्यावर जुनी रॉकेलची बाटली सापडली. रिमला आतून खडू फासला, वरून रॉकेल सोडलं.

प्रत्येक स्पोकपाशी काळा डाग. एकही सुटला नाही. म्हणजे टेस्ट एकदम बरोबर झाली. भोकं जिथं आहेत तिथंच गळती आहे, दुसरीकडे नाही. रिमच्या तब्येतीचा याहून चांगला पुरावा नाही. भोकांवर टेप लावायची, संपलं.

दुपार. टेप चिकटत नाही. रॉकेल पुसलं, पुन्हा लावली, पुन्हा सुटली. खडूचा ओके सांभाळून साबणाने धुतलं. टेप सरळ सापासारखी उभी राहते. मथुराने सांगितलं, हात तीनदा धुतल्याशिवाय पोळीला लावायचा नाही. जेवण अंगणातच आणून दिलं. अंगणाच्या फाटकाला ती आतून कडी लावते, गाय येते म्हणून. मी आतच होतो.

१३ सप्टेंबर, शनिवार
रिमा दोन दिवस उन्हात ठेवल्या तेव्हा कुठं टेप बसली. एक टायर चढवलं. पंपाने हवा भरतो तितकी बाजूने जाते. साबणाचं पाणी लावून पाहिलं, भात उकळावा तसे बुडबुडे. पंप मारून मारून दोन्ही खांदे धरले. आता दोन्ही हात वर होत नाहीत. शर्ट मथुराने घालून दिला.

शामरावाचा फोन. इतके दिवस दिसला नाहीस, आजारी आहेस का? म्हटलं, काम जोरात आहे. तो म्हणे, कट्ट्यावर तुझी जागा आम्ही धरून ठेवली आहे, पण रोजच एक कुत्रं येऊन बसून राहते.

१४ सप्टेंबर, रविवार
राहुल घरी. मोबाईलवरचं ते पान त्याने वाचून दाखवलं, मराठीत सांगून सांगून. बाबा, यावर साफ लिहिलं आहे, ट्यूबलेसची खूण नसलेली साधी रिम असली तर करू नका. वळणावर टायर रिममधून उडू शकते. तुमच्या रिमवर अशी खूण नाही. ट्यूब टाका न, मी जाड ट्यूब आणून देतो.

म्हटलं, ओके मारलेला आहे.

त्याने मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाला, तुमचा फोन आला की मी मीटिंगमधून आधी बाहेर पळतो. तुमी पंक्चर म्हणाले की मले हायसं वाटते, कारण मी आधी दुसराच विचार केलेला असतो.

हे त्याने आधी सांगायला पाहिजे होतं. आता शामरावाला शब्द दिला. तरी जाड ट्यूबवर विचार करू. सतरा तारखेनंतर.

१६ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी
फत्ते. शेजारच्या शालिकरामकडे कपाटं रंगवायचा कॉम्प्रेसर आहे. औषध ओतलं, हवा सोडली, टायर फाट फाट करत रिमवर बसलं. शालिकराम दोन पावलं मागे सरकला. म्हणे, काका, मले तर आवाजच बरा वाटत नाही. म्हटलं, रूळ थंड होतानाही आवाज करते. दोन्ही टायर टणटणीत. अंगणात भिंतीला टेकवून ठेवले. बोरसीला शामरावाच्या घरी उद्या थेट पायडल मारत. राहुलने पूजेसाठी गाडी धुऊन ठेवली आहे, ती बाजूला घ्यायला सांगायची राहिली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मागचं टायर उडालं. तोफेसारखं. पांढरं औषध राहुलच्या गाडीवर, भिंतीवर, तुळशीवर. कोणाला लागलं नाही.

मथुरा तिथंच दोरीवरचे कपडे काढत होती. तिच्या केसांत पांढरं उडालं. आधीचं पांढरं कोणतं आणि आताचं कोणतं, समजेना. तिने हातातला माझा बनियन घडी केला, पुन्हा उघडला, पुन्हा घडी केला. मी म्हटलं, घाबरली का? ती म्हणे, नाही, तुमी कुठं उभे होते ते पाहून राहिली होती.

पुढचं टायर अजून बसलेलं आहे. हवा मीच सोडली. ओलं फडकं घेऊन दोन्ही रिमा पुसल्या, खडूच्या जागी जरा जास्त. धूळ फार बसली होती.

१७ सप्टेंबर, बुधवार
विश्वकर्मा पूजा. बोरसीला राहुलच्या गाडीने गेलो, मांडीवर नारळ. कारण तयार ठेवलं होतं: आजच्या दिवशी यंत्राला विश्रांती असते, आपण ती पाळतो.

शामरावाच्या गल्लीत गाड्याच गाड्या. प्रत्येकीत एकेक पोरगा मोबाईल पाहत बसलेला, बाप आत. आमच्या कट्ट्यावरचे सगळेच. शामरावाची मोपेड हार घालून पाटावर उभी होती, दोन्ही चाकं हवा जाऊन खाली बसलेली. त्याच्या सुनेने सांगितलं, दिवाळीपासून चालवू देत नाही त्यांना.

शामरावाने विचारलं, नरहरी, ट्यूबलेस? म्हटलं, आज यंत्राला विश्रांती. तो लगेच म्हणाला, बरोबर आहे, आज विश्रांतीच पाहिजे. बाकीचेही म्हणाले, हो हो, विश्रांती. मग कोणी टायरचं नाव काढलं नाही. प्रसाद खाल्ला. गुडघ्यांवर बोललो.

निघताना एकेकाचा पोरगा आत येऊन एकेकाला घेऊन गेला. मी गाडीत बसलो. राहुल वाकून माझा बेल्ट लावायला लागला. त्याला सोयीचं जावं म्हणून मी दोन्ही हात वर केले. खांदे दुखत होते, तरी.